जबड्याची चुगली

मुमताजनं पुन्हा घोटा धरला आणि शर्वरी मगदूम पुन्हा मातीत आपटली. या वेळी ती उठलीच नाही. तशीच पालथी पडून राहिली, नाकात माती, तोंडात माती.

"ऊठ की," मुमताज म्हणाली. "घोटा सोडलाय कधीचा."

"तुला कळतंय कसं गं? डावीकडं उडी मारायची हे माझं मलाच आयत्या वेळी ठरतंय, आणि तू आधीच वाकून बसलेली!"

शर्वरी ही काही अशीतशी चढाईपटू नव्हती. कृष्णाकाठच्या गावांत तिची डावी उडी बघायला माणसं सायकली टाकून थांबायची. मध्यरेषा ओलांडून ती दम घेत आत शिरली की समोरच्या सात जणी एकमेकींचे हात घट्ट धरायच्या. पण यंदा काय साडेसाती लागली होती कोण जाणे. ज्या मैदानावर जावं तिथली डाव्या कोपऱ्यावरची पोरगी तिला असं धरायची, जणू शर्वरीनंच आदल्या दिवशी फोन करून कळवलं होतं.

आणि दिवाळीनंतर सांगलीत राज्य संघाची निवड चाचणी होती. ती याआधी राज्य संघात नव्हती असं नाही, पण राखीव. म्हणजे बाकावर बसायचं, दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या आणि फोटोत कडेला उभं राहायचं. सत्ताविशी उलटली होती. मागून सतरा-अठराच्या पोरी धडाधड वर येत होत्या. यंदा पहिल्या सातांत नाही तर कधीच नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुमताज शिकलगार तिच्याच गावची, बोरवडीची. दोघी एकाच मैदानावर वाढल्या. आता मुमताज कोल्हापूरच्या एका बड्या क्लबाकडून खेळायची आणि रविवारी गावी आली की शर्वरीबरोबर सराव करायची. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि मनगटावरचा काळा पट्टा काढून शर्वरीच्या हातात ठेवला.

"मी काय बघत नाही तुझ्याकडं. हा थरथरला की मी वाकते. बाकी सगळं तो कॅमेरा करतो." तिनं मैदानाच्या कडेला तिपाईवर ठेवलेल्या डबीकडं हनुवटी उडवली. "'वेध' म्हणतात त्याला. तुझा गाल बघतो गं तो."

"गाल?"

"उडी मारायच्या आधी तू दात आवळतीस. कानाखाली गोळा येतो. डावीकडं जायचं असलं की डावा आधी, उजवीकडं जायचं असलं की उजवा. मला सांगायची परवानगी नाही हां हे. पण तुझं हे असं रोज आपटणं बघवंना मला."

शर्वरीनं गालाला हात लावला. लावल्याबरोबर कानापुढं टक्क वाजलं. गेलं वर्षभर वाजत होतं. सकाळी जबडा धरलेला असायचा आणि भाकरी दुधात कुस्करून खावी लागायची, दात पडलेल्या म्हातारीसारखी. ती म्हणायची, होईल बरं. आता हाच जबडा उठून शत्रूला बातम्या पुरवत होता! तिला इतका संताप आला की तिनं दात आवळले, आणि मुमताजच्या पट्ट्यानं तिच्या हातात थरथरून दाखवलं.

कबड्डी संघटनेनं असल्या पट्ट्यांना मंजुरी कशी दिली, हे विचारू नका. प्रेक्षकांना आवडतं, म्हणून दिली. मोठ्या पडद्यावर चढाईपटूचा गाल लाल होताना दिसतो आणि लोक शिट्ट्या मारतात. ज्या क्लबांकडं यंत्र आहे ते पकडी करतात आणि ज्यांच्याकडं नाही ते माती खातात.

मिरजेच्या डॉ. मृदुला आठल्ये आयुष्यभर जबडा या एकाच विषयाच्या मागं लागलेल्या बाई होत्या. शर्वरी त्यांच्याकडं गेली तेव्हा त्यांनी आधी तिला तोंड उघडायला लावलं.

"आपली तीन बोटं उभी घाल आत. जातात?"

दोनच गेली. तिसऱ्याला जबडा कुरकुरला आणि शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग बाईंनी तिच्या गालांवर, कानशिलावर, मानेवर आणि पाठीवर टिकल्यांएवढे चिकट तुकडे लावले आणि तिला एका हलत्या फळीवर उभं केलं. समोरच्या पडद्यावर रेघा पळू लागल्या. ताठ उभी राहिली की गालाची रेघ शांत. चढाईला जाताना वाकतात तशी वाकली, मान पुढं काढली, की रेघ वर. एका पायावर भार दिला की त्या बाजूची रेघ आणखी वर.

"डोकं म्हणजे मानेवर ठेवलेलं कलिंगड आहे बघ," बाई म्हणाल्या. "ते पुढं झुकलं की मानेमागचे स्नायू ओढ घेतात. जबडा कवटीला खालून टांगलेला, त्यामुळं त्याचीही बसायची जागा बदलते. उभं राहण्या-बसण्याचा आणि जबड्याच्या दुखण्याचा संबंध किती, यावर आम्ही डॉक्टर वर्षानुवर्षं भांडलो. कुणी म्हणे सगळं पाठीमुळं, कुणी म्हणे छे, काहीच नाही. भांडण मिटलं नाही, कारण आम्ही माणसाला स्थिर उभं करून मोजत होतो. हलायला लावलं तेव्हा कळलं."

"काय कळलं?"

"उडी मारायच्या आधी शरीर पहिल्यांदा डोकं पक्कं धरतं, नजर हलू नये म्हणून. डोकं धरायला मान लागते आणि मानेच्या मदतीला जबडा धावतो. पाय हलायच्या आधी गाल हलतो. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ, पण यंत्राला तेवढा पुरतो."

"म्हणजे सगळ्यांचाच गाल चुगली करतो?"

"करतो. पण तुझा फार आधी आणि फार जोरात. इतका, की सांध्यातली गादी सरकलीये." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "लहानपणी दातांत काही धरून व्यायाम केलायस का?"

 शर्वरीच्या डोळ्यांसमोर एक रुमाल आला, गाठ मारलेला.

बोरवडीच्या मैदानाचे गुरू म्हणजे शर्वरीचे वडील, आण्णा मगदूम. त्यांची एक रीत होती. पोरगी मैदानावर आली की तिनं रुमालाला गाठ मारायची, ती गाठ दातांत धरायची आणि बैठका काढायच्या. रुमाल पडला की मैदानाला फेरी. "दात आवळ, मग पाय उचल!" हे आण्णांचं ओरडणं नदीच्या पलीकडच्या गावापर्यंत ऐकू जायचं. शर्वरी चालायला लागली तेव्हापासून तो रुमाल तिच्या तोंडात होता म्हणा ना.

घरी येऊन तिनं आण्णांना सगळं सांगितलं. आण्णा अंगणात बसून नारळाचं सोडण काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दात आवळल्याबिगर जोर येतोय व्हय कुणाला? त्या डॉक्टरीण बाईनं कवा चढाई केलीया का?"

"आण्णा, माझा जबडा उघडत नाही. भाकरी तुटत नाही मला."

"ह्या रुमालावर पोरी पोलिसात लागल्या. रेल्वेत लागल्या. आज येऊन माज्या पाया पडत्यात."

"आणि त्याच पोरी आता सगळीकडं धरल्या जातात! मुमताजनं सांगितलंय मला. तुमच्या मैदानावरची पोरगी 'वेध'ला सगळ्यात सोपी जाते. तुम्ही आम्हाला सगळ्यांना एका साच्यातून काढलंय!"

आण्णांनी कोयता खाली ठेवला. "यंत्राला भिऊन आता आम्ही खेळ बदलायचा?"

शर्वरीला भडाभडा बोलायचं होतं. पण डॉक्टरांनी तिच्या कानाखाली आणि मानेवर कातडीच्या रंगाची पट्टी चिकटवून दिली होती. जबड्याचा स्नायू आवळला की ती पट्टी बारीक झिणझिणी सोडायची आणि स्नायू आपोआप सैल पडायचा. त्यामुळं रागानं तिनं दात आवळले मात्र, झिणझिणी आली आणि जबडा खाली लोंबला. ती बापासमोर आ वासून उभी राहिली.

आण्णांनी क्षणभर बघितलं. "मिटव की तोंड, माशी जाईल," म्हणाले आणि पुन्हा नारळाकडं वळले.

असं चिडणंसुद्धा धड होईना, म्हणजे माणसानं करायचं तरी काय? पुढचे काही आठवडे हेच. दुधात पाणी आढळलं, दात आवळले, झिणझिणी. शेजारणीनं "लग्नाचं काय ठरलं?" विचारलं, झिणझिणी. राग पोटात उठायचा आणि गालाशी येऊन विरघळायचा. जबडा दुखायचा थांबला हे खरं, पण शर्वरीला वाटायचं, आपल्या घराचं दार कुणीतरी बिजागरीसकट काढून नेलंय.

आणि खेळाचं विचाराल तर आणखी वांधा. पट्टी लावून चढाईला गेली की मुमताजचं मनगट मुकं. एकदाही थरथरलं नाही. पण उडीच मेली. जिथं आधी बोनस रेषेपलीकडनं उलट फिरून तीन जणींच्या हातांतून निसटायची, तिथं आता कोंबडी उडते तेवढी उडायची. मुमताज तिला नुसत्या डोळ्यांनी बघूनही धरू लागली.

"दात आवळले की पायांना थोडा जादा जोर मिळतो, हे तुझ्या वडिलांचं खरंच आहे," आठल्येबाई फोनवर म्हणाल्या. "शरीराला डोकं धरायला जबड्याऐवजी दुसरं काहीतरी द्यावं लागेल. शोधू. वेळ लागेल."

"वेळच नाही माझ्याकडं, मॅडम!" झिणझिणी. तिनं फोन गादीवर फेकला.

ते दुसरं काहीतरी सापडलं ते मैदानावरच, आणि सापडल्यावर तिला आनंदापेक्षा चीडच जास्त आली.

आण्णांची दुसरीही एक रीत होती. लहान पोरींना ते सुरुवातीला कबड्डी म्हणू द्यायचे नाहीत. हुतूतू म्हणायला लावायचे, जुन्या पद्धतीनं. त्यानं दम लांबतो म्हणायचे. शर्वरीही तशीच वाढली होती. मोठ्या स्पर्धांत उतरल्यावर तिला कबड्डी म्हणायची सवय लावून घ्यावी लागली होती. त्या दिवशी सराव संपवून, पट्टी उपटून खिशात टाकून, ती वैतागून लहान पोरींच्या डावात घुसली. "हुतूतूतूतूतू" करत शिरली, चार पोरींना शिवली आणि डावीकडं अशी उडाली की धूळसुद्धा मागं राहिली.

पलीकडून मुमताज धावत आली. तिचा कॅमेरा चालूच होता आणि पट्टा मनगटावर होता.

"शरे, पट्टी होती का तुला?"

"नाही. का?"

"मग हा थरथरला का नाही?"

दुसऱ्या दिवशी दोघी मिरजेला जाऊन धडकल्या. बाईंनी टिकल्या लावल्या आणि फळीवर हुतूतू म्हणायला लावलं. गालाची रेघ शेवटपर्यंत आडवी. वर चढली ती जिभेची आणि गळ्याच्या पुढच्या स्नायूंची.

"अगं, बघ ना!" बाई खुर्चीतून उठल्याच. "'हु'ला ओठ गोल होतात, जबडा पुढं येतो, दात एकमेकांपासून लांब राहतात. आणि 'तू तू' करताना जीभ दातांमागं सारखा रेटा देते. तुझं डोकं जीभ धरतेय, जबडा नव्हे! जोरही जात नाही आणि सांध्यावर भारही नाही. शर्वरी, यावर मी लेख लिहिणार."

"लिहा की. पण चाचणीत 'हुतूतू' चालत नाही. नियमात एकच शब्द आहे. दुसरा काढला की चढाई रद्द आणि गुण समोरच्यांना."

बाई खाली बसल्या. "मग कबड्डी म्हण, पण हुतूतूच्या तोंडानं."

हे बोलायला सोपं. करून बघा! ओठ गोल ठेवून, जबडा पुढं काढून म्हणायला गेलं की कबड्डीचं 'कोबोड्डू' व्हायचं. शर्वरी भांडी घासताना, नदीवर जाताना, गाईला चारा टाकताना पुटपुटत राहिली. आण्णा ओसरीवरून ऐकायचे. त्यांना कळलं होतं सगळं, मुमताजनंच सांगितलं होतं.

"म्हनलं नव्हतं, हुतूतूत ताकद हाय म्हनून?" ते म्हणाले.

"कधी म्हणाला होता? दम लांबतो म्हणायचा तुम्ही! आणि रुमालाचं काय?"

रुमालाचा विषय निघाला की आण्णांना ऐकू येईनासं व्हायचं. रोज संध्याकाळी मैदानावर पोरी दातांत गाठी धरून उठत-बसत होत्या, आणि शर्वरी त्यांच्याकडं पाठ करून 'कोबोड्डू'चं 'कबड्डी' करत होती.

चाचणीच्या आठवड्यात ते जमलं. स्वच्छ कबड्डी, ओठ पुढं, दात सुटे, आणि उडी जिवंत. मुमताजनं हात जोडले. "आता मला तुझ्यासमोर उभं करू नका म्हणावं."

पण नेमकी तीच समोर उभी राहिली. सांगलीत चाचणीच्या शेवटच्या सामन्यात मुमताज पलीकडच्या संघात डाव्या कोपऱ्यावर होती. निवड समितीचे लोक टेबलामागं बसले होते. चढाईपटूंच्या गळपट्टीला चिमुकला माइक होता. शब्द नियमातला आहे की नाही हे यंत्र ऐकायचं आणि नसला तर पंचांपुढचा दिवा लाल व्हायचा. आण्णा पहिल्या रांगेत, खांद्यावर रुमाल टाकून.

शर्वरीनं दिवसभर एकदाही पकड होऊ दिली नव्हती. शेवटच्या चढाईला तिचा संघ एका गुणानं मागं होता. ती आत शिरली. कबड्डी कबड्डी कबड्डी. उजवीकडं झुकांडी दिली, मधल्या दोघी हलल्या. तिनं बोटांच्या टोकानं एकीला टिपलं. मुमताजचं मनगट मुकं होतं. मुमताजनं ते एकदा चमकून बघितलंसुद्धा. तेवढ्यात मागून साखळी आवळली, दोन हात कमरेला लागले आणि शर्वरीच्या छातीतला वारा संपत आला. तिनं सगळा जोर जिभेत आणला आणि उडाली. कमरेचे हात सुटले. मुमताजच्या खांद्याला तळवा घासून ती हवेतनं मध्यरेषेपलीकडं पडली.

मैदान उठून उभं राहिलं. शर्वरी मातीतून हसत वर आली, आणि तिला पंचांपुढचा दिवा दिसला. लाल.

पंच शांतपणे चालत आले. साठीकडं झुकलेले गृहस्थ होते.

"बाळा, शेवटच्या उडीला हुतूतू म्हणालीस."

"नाही! कबड्डी म्हणाले मी."

"मीही ऐकलं गं. लहानपणी आम्ही तेच खेळलो, कान ओळखतो माझा. झकास चढाई होती." त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नाही. "पण मंजूर शब्द एकच आहे. चढाई रद्द. गुण त्यांना."

त्यांनी शिट्टी फुंकली. शर्वरीनं समितीकडं बघितलं; तिथं मान खाली घालून कुणीतरी काहीतरी खोडत होतं. वर्षभराचं आपटणं, दुधातली भाकरी, झिणझिण्या, कोबोड्डू, सगळं एकदम वर आलं. ती मैदानाच्या मध्यावर उभी राहिली आणि ओरडली. शब्द नव्हता त्यात. पोटापासून निघालेली नुसती आरोळी होती. 

ओरडणं संपलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की कानापुढं काहीच वाजलं नाही. तोंड पुरं उघडलं होतं. तिनं सगळ्यांसमोर तीन बोटं उभी करून तोंडात घातली. गेली. अगदी सहज गेली. मग ती तिथंच फतकल मारून बसली आणि रडायला लागली, कारण जबडा बरा झाला होता आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

संघ जाहीर झाला. मुमताज पहिल्या सातांत होती, शर्वरी राखीवमध्येही नव्हती. मुमताज तिला मिठी मारून तिच्याहून जास्त रडली.

एसटीत आण्णा खिडकीशी बसले. तासगाव मागं पडलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "माज्यामुळं झालं."

शर्वरीनं त्यांच्याकडं बघितलं. उभ्या आयुष्यात हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिला वाटलं होतं, ऐकल्यावर बरं वाटेल. नाही वाटलं.

"हो, तुमच्यामुळंच," ती म्हणाली. "गाल बिघडला तो तुमच्या रुमालानं, आणि आज उडी लागली ती तुमच्या हुतूतूनं. मी कुणावर चिडू, सांगा! तुमच्यावर धड चिडतासुद्धा येत नाही मला."

आण्णांनी खांद्यावरचा रुमाल काढला, त्याची घडी केली, पुन्हा उलगडली. कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. शेवटी तो त्यांनी तिच्या हातात दिला. तिनं त्यानं डोळे पुसले आणि परत दिला नाही.

घरी पोचल्यावर तिनं कालची कडक भाकरी घेतली. दूध घेतलं नाही. दातांनी काठ तोडला आणि कडाकडा चावत राहिली. आण्णा चुलीपाशी बसून बघत होते. ताटातली चटणी संपली तशी त्यांनी आणखी वाढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शर्वरी मैदानावर जाणार नव्हती. पण घरात बसून काय करणार? गेली. पोरी रांगेत उभ्या राहून रुमालांना गाठी मारत होत्या. एकीनं गाठ दातांत धरली आणि बैठकीला वाकली. तिच्या इवल्याशा गालावर गोळा आला. शर्वरीला तो इतक्या लांबूनही दिसला.

ती काही बोलणार एवढ्यात आण्णा पुढं झाले. त्यांनी त्या पोरीच्या तोंडातून रुमाल ओढून काढला, गाठ सोडली, रुमाल झटकला आणि तिच्या खांद्यावर टाकला.

पोरगी घाबरली. "पडला नव्हता, आण्णा! धरला होता मी!"

"म्हाईत हाय." आण्णांचा आवाज नदीपलीकडं गेला. "समद्यांनी सोडा गाठी! उद्यापासनं रुमाल नाक पुसायला आणायचा. दात सुटं ठेवायचं, काय? कसं ठेवायचं ते शर्वरीताई सांगंल."

सगळ्या पोरींनी तिच्याकडं माना वळवल्या. शर्वरीनं चपला काढल्या आणि मध्यरेषेशी जाऊन उभी राहिली. तिचा राग गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता.

"तोंड उघडा," ती खेकसली. "तीन बोटं आत."